मांडीवर काचेची नळी घेऊन गोवंडीला

माझ्या वयाच्या बायकांनी प्रवासाला जायचं ठरवलं की पूर्वी काशी असायची, हल्ली व्हिएतनाम असतं. आमच्या सोसायटीतल्या तिघीजणी परवाच बालीला जाऊन, झोपाळ्यावर बसून, फोटो काढून आल्या. मी गोवंडीला जाऊन आले. यात हसण्यासारखं काही नाही. दहिसरच्या माणसाला गोवंडी बालीपेक्षा लांब पडतं. बालीला निदान ओळखीतलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. पूर्वेला काय आहे असं आमच्याकडे विचारलं तर लोक 'तिकडे कचऱ्याचं डंपिंग आहे' एवढंच सांगतात, आणि मीही इतकी वर्षं तेवढंच सांगत होते. ज्यांना गोवंडीला जायचा योग आला नाही आणि येईल असं वाटतही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

योग आणला आमच्या सुनेने. प्राजक्ता तिचं नाव, घरात प्राजू. मुलुंडची मुलगी, रसायनशास्त्रात डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा एका औषधाच्या कंपनीत चांगल्या पगारावर होती. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, मी नोकरी सोडतेय." माझा घास हातातच राहिला. कार्बन डायऑक्साइडपासून उपयोगाची रसायनं बनवायची होती तिला, आणि अंधेरीच्या एका कॉलेजात त्यासाठी जागा मिळाली होती. माझा मुलगा निखिल मालवाहू बोटीवर असतो. त्याने तिकडूनच 'बिनधास्त सोड' असा मेसेज टाकला. समुद्रात बसून सल्ला द्यायला काय जातं! पण मीही नाही म्हटलं नाही. माझे वडील गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. मशीनशी झटापट करणारं माणूस घरात असलं की मला बरं वाटतं, त्याला मी काय करणार?

तिचं यंत्र हळूहळू प्रयोगशाळेत सिलिंडरच्या स्वच्छ वायूवर चालायला लागलं. मग पैसे देणाऱ्या संस्थेच्या लोकांनी शेवटची अट घातली. सिलिंडर नको. सडक्या कचऱ्यातून निघणारा खरा वायू घ्या, जिथे तो निघतो तिथेच यंत्र लावा, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्यासमोर न थांबवता चालवून दाखवा. चाललं तर यंत्र तिथेच राहील आणि पुढचं काम सुरू होईल. नाही चाललं तर प्रकल्प बंद. म्हणजे प्राजूने पुन्हा गोळ्या तपासायला जायचं. ही जागा होती गोवंडीला. भाजीबाजाराचा कचरा कुजवून गॅस काढणारा एक लहानसा प्लांट आहे तिथे.

बाकीचं सामान टेम्पोने आधीच गेलं होतं. राहिली होती मुख्य वस्तू, क्वार्ट्झ काचेची नळी, हातभर लांब. ती प्राजू कुरिअरने पाठवायला निघाली होती. मी एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात उभं आयुष्य काढलं आहे. 'काच, जपून' असं लाल अक्षरांत लिहिलेल्या खोक्यांचं पुढे काय होतं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी म्हटलं, "नळी माझ्या मांडीवर येईल." प्राजू म्हणाली, "आई, गोवंडीला?" मी म्हटलं, "मांडी काय गोवंडीला चालत नाही?"

अंधेरी

दहिसरहून मेट्रोने अंधेरीला आलो. मी अंधेरीला शेकडो वेळा गेले असेन, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेली खोली असायची. ही खोली मात्र आमच्या स्वयंपाकघरासारखी होती. प्रत्येक ओट्यावर काहीतरी चढवलेलं, कोपऱ्यात पंखा घोंघावतोय, आणि कुणीतरी कुणाला तरी ओरडतंय, "माझा पाना कोणी घेतला रे?"

पण शिस्त आमच्या स्वयंपाकघरापेक्षा कडक. नळीला हात लावायचा तर कापडी हातमोजे घालून. मी सहज बोट पुढे केलं तर प्राजूने असं पाहिलं, जसं काही मी देवघरात चपला घालून शिरले आहे. "बोटाचा घाम पण नको आई. त्यात मीठ असतं."

मग तिने दिवे मालवून मला यंत्र चालवून दाखवलं, जुन्या नळीवर. नळीच्या मधोमध स्टीलची कांडी, बाहेरून जाळी गुंडाळलेली, आणि मधल्या पोकळीत हिरवट रंगाचे बारीक मणी भरलेले. तिने बटण फिरवलं, हलका खरखराट झाला आणि मण्यांच्या फटीफटीतून जांभळा उजेड पसरला. फार सुंदर दिसतं ते. मी तिला म्हटलंसुद्धा, की हे एवढंच दाखवलं असतंस तरी मी नोकरी सोडायला हो म्हटलं असतं.

आता हे काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर दोष माझा. कार्बन डायऑक्साइड हा फार थंड स्वभावाचा वायू. कुणाशी बोलत नाही, कुणात मिसळत नाही. त्याला हलवायचं तर एरवी प्रचंड तापवावं लागतं. प्राजू त्याला न तापवता विजेने हलवते. दांडगी वीज दिली की वायूचे कण फुटतात आणि चमकायला लागतात. त्या चमकणाऱ्या वायूला प्लाझ्मा म्हणायचं. ट्यूबलाइटच्या पोटात असतो तोच. पण फुटलेले कण वाट्टेल तसे जुळतात. ते हवे तसे जुळावेत म्हणून ते हिरवट मणी, तांबं चढवलेले. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ कसा, दोन्हीकडच्यांना एकत्र आणतो आणि स्वतः होता तसाच राहतो, तसे ते मणी. मध्यस्थ निदान जेवून तरी जातो, हे तेवढंही करत नाहीत.

"आणि यातून निघतं काय?" मी विचारलं.

"कुजक्या भाजीच्या गॅसमध्ये मिथेन असतो आणि कार्बन डायऑक्साइड असतो. दोघं जुळले की ॲसेटिक ॲसिड. म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट."

"कांद्यावर घालायचं ते? एवढ्यासाठी नोकरी सोडलीस?"

"अहो आई, रंगाला लागतं, प्लास्टिकला लागतं, कापडाला, औषधाला. आज ते बहुतेक दगडी कोळशातून नाहीतर जमिनीतल्या गॅसमधून काढतात. मी कचऱ्यातून काढतेय."

कॅन्टीनमध्ये तिच्याबरोबर डोसा खाल्ला. ओळख करून देताना ती सगळ्यांना "या माझ्या सासूबाई" म्हणत होती, आणि पोरं "नमस्ते आंटी" म्हणून घाईघाईने सरळ बसत होती. त्यांना वाटलं असेल मी तपासणीला आले आहे. मी काही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

नळी फोममध्ये गुंडाळून लांबट खोक्यात ठेवली, आणि खोका माझ्या मांडीवर आला.

मुलुंड

अंधेरीहून सरळ गोवंडीला गेलो असतो, पण सकाळी लवकर पोचायचं होतं म्हणून मुक्काम मुलुंडला, प्राजूच्या माहेरी. विहिणीकडे मुक्काम म्हणजे परीक्षाच असते. आमच्या व्याह्यांचं घर जुनं, पुस्तकांनी भरलेलं, आवाज खालच्या पट्टीतला. वसुधाताई, म्हणजे माझी विहीण, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. चहाच्या कपाखाली गोल चकती ठेवतात. आमच्या दहिसरच्या घरात कप ठेवायला जागा मिळाली हेच पुष्कळ असतं.

मानपान मात्र असा केला की मला लाजल्यासारखं झालं. आमच्याकडे पाहुणा आला की बाजारातून मासळी येते आणि पाहुण्याला तिखट लागलं की यजमानाला समाधान होतं. वसुधाताईंकडे अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, आणि प्रत्येक घासाला "आवडलं ना? घ्या ना थोडं." जेवण अप्रतिम होतं. तरीही रविवारी माशाशिवाय झोपायची गेल्या कित्येक वर्षांतली ही माझी पहिलीच वेळ असेल.

प्राजू मणी पुन्हा एकदा ओव्हनमध्ये कोरडे करत स्वयंपाकघरात उभी होती. तेवढ्यात वसुधाताई मला हळूच खोलीत घेऊन गेल्या. हातात हळदकुंकवाचा करंडा.

"एवढं मोठं काम आहे तिचं उद्या," त्या म्हणाल्या. "नवीन गाडी आणली तरी आपण कुंकू लावतो. फ्रीज आणला तरी लावतो. आणि हे असंच जायचं?"

मला पटलं. खरं सांगायचं तर मला हे आधी सुचायला हवं होतं असंच वाटलं. घासाला हात धुतल्याशिवाय न शिवणारी, सबंध हिशेबखातं सांभाळलेली बाई ती, आणि मी कोकणातली. पण नवीन वस्तूला बोट टेकवल्याशिवाय घराबाहेर काढायची नाही, यात आम्ही दोघी सारख्याच. मी खोका उघडून धरला. वसुधाताईंनी पाण्यात बोट बुडवून नळीच्या टोकाला हळदीची आणि कुंकवाची पाच बोटं ओढली, हात जोडले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की प्राजूने पाहिलं तर ओरडेल. म्हणून त्यांनी ते पदराने पुसून टाकलं. "देवाला पोचलं," म्हणाल्या. आम्ही दोघी शहाण्यासारख्या बाहेर येऊन बसलो. (हे सगळं आणि पुढचंही त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, लिहा, पण पदर धुतलेला होता हेही लिहा. धुतलेला होता.)

गोवंडी

गोवंडीचा वास येतो का? येतो. पण वास आमच्या दहिसरच्या नदीलाही येतो, आणि तिच्या काठावर आम्ही फ्लॅट घेतो. गोवंडीत वासाआधी मला दिसली ती माणसं. इतक्या सकाळी इतकी कामं चाललेली मी कुठे पाहिली नाहीत. एका दारात जरीचं काम, शेजारी वेल्डिंग, त्याच्या शेजारी एक बाई पोत्यावर बसून प्लास्टिकची झाकणं रंगांप्रमाणे वेगळी करतेय. दहिसरला या वेळी लोक दूधवाल्याशी वाद घालत असतात.

प्लांट बघणारे नसीमभाई दारातच उभे होते. पांढरी दाढी, पायात गमबूट. "या ताई. मॅडमची आई का?"

"सासू."

"सासू?" त्यांनी माझ्याकडे, मग हातातल्या खोक्याकडे पाहिलं. "सासू सामान पकडून आली? ये तो पहिली बार देखा." आणि माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची पुसली.

पत्र्याच्या शेडमध्ये प्राजूने यंत्र जोडलं. बाहेरच्या टाकीतून येणारा गॅस आधी गंजलेल्या लोखंडाच्या किसाने भरलेल्या बरणीतून जातो, तिथे त्याचा सडक्या अंड्याचा वास अडकतो. मग नळीत. नळीतून निघालेलं एका बर्फात बुडवलेल्या बाटलीत, आणि उरलेला वायू पाइपाने छपराच्या वर, कारण तो विषारी असू शकतो. भिंतीवर त्यासाठी भोंगाही लावला होता. प्राजूने आधी वीज न देता नुसताच गॅस नळीतून सोडला आणि जे काही जमलं ते एका बाटलीत भरून बाजूला ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "आधी काहीच न करता काय येतं ते बघायचं. मगच केल्याने काय येतं ते कळतं."

इथे पहिली अडचण आली. घरून आणलेला थोडासा बर्फ तेवढ्यातच विरघळला, आणि बर्फवाला आलाच नाही. बर्फाशिवाय वाफ पकडायची कशी? प्राजू फोन लावत बसली, मी बालदी उचलली. जिथे माणसं राहतात तिथे मासळी विकली जाते, आणि जिथे मासळी तिथे बर्फ. एवढं ज्ञान मला जन्मापासून आहे. गल्लीच्या टोकाला एक बाई बांगडे मांडून बसली होती.

"बर्फ दे गो बाय, बालदीभर."

"बर्फ विकत नाय. मासळी घे, बर्फ फुकट."

"मला बर्फच हवा आहे."

"मग मासळी घे ना."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि बांगडे ताजे होते, कल्ले लालभडक. डझनभर घेतले. तिने खाली बांगडे, वर बर्फ, अशी बालदी भरून दिली. शेडमध्ये मी ती तशीच नेऊन ठेवली, आणि प्राजूची बाटली त्यात खोचली गेली. एकाच बालदीत संशोधन आणि कालवण.

मग प्राजूने वीज दिली. जांभळा उजेड आला, मी श्वास सोडला, आणि त्याच क्षणी 'चट्' आवाज झाला. नळीच्या टोकाला पांढरी ठिणगी पळाली. प्राजूने बटण बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा चट्, त्याच जागी. वीज मण्यांतून जायची सोडून काचेच्या बाहेरून जाळीकडे पळत होती. तिसऱ्या वेळी काचेवर एक बारीक काळी रेघ उमटली.

प्राजूचा चेहरा असा पांढरा मी कधीच पाहिला नव्हता, तिला डेंग्यू झाला होता तेव्हासुद्धा. दुसरी नळी होती ती अंधेरीला, आणि संस्थेची मंडळी निघाल्याचा फोन येऊन गेला होता. तिने यंत्राची वायर काढली, हातमोजे घातले, पांढऱ्या कापडावर स्पिरिट घेऊन नळीचं टोक पुसलं. कापड पिवळं झालं. थोडं गुलाबी झालं. ती कापडाकडे बघत राहिली, मग तिने ते नाकाशी नेलं.

"आई. ही हळद आहे?"

मी बालदीतला बर्फ सारखा करायला लागले.

"आई, कुंकू कुणी लावलं?"

"तुझ्या आईने," मी म्हटलं. इतक्या पटकन विहिणीचं नाव सांगून मी मोकळी झाले, की नंतर मलाच हसू आलं. खोका कुणी धरला होता ते मी तिला रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं.

कुंकवात क्षार असतात. ओलं लावून पुसलं, की डोळ्यांना दिसत नाही, पण काचेवर पातळ थर राहतो, आणि विजेला तेवढी वाट पुरते. हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी फक्त प्राजूकडे बघत होते. आता रडेल, आता चिडेल, चिडली तर हक्कच आहे तिचा. तिने डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं, संपलं, वाट लागली पोरीची.

मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "नसीमभाई, पत्रा कापायची कात्री आहे?"

काळी रेघ पुसून जाणार नव्हती. पण ती टोकालाच होती. प्राजूने जाळी सोडवली, तिचा वीतभर भाग कापून टाकला, आणि उरलेली जाळी नळीच्या दुसऱ्या अंगाला सरकवून गुंडाळली, म्हणजे कांडीचं उघडं टोक आणि जाळी यांत इतकं अंतर पडलं की ठिणगीला तिथवर उडी मारता येईना. नसीमभाईंनी तांब्याची तार आणून दिली, त्याने तिने जाळी आवळली. तेवढ्या जागेत मावतील तेवढेच मणी ठेवले. गॅसही कमी केला. हे सगळं तिने एकदाही न अडखळता केलं. मी नुसती तारेचं दुसरं टोक धरून उभी होते.

जाळी बांधून होते न होते तोच गाडी आली. संस्थेची तीन माणसं, त्यांतल्या मुख्य एक पिकल्या केसांच्या मॅडम, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. प्राजूने त्यांच्यासमोरच बटण फिरवलं. खरखर आली, आणि मण्यांमधून जांभळा उजेड पसरला, आखूड, पण ठिणगी नाही. मी मनात ज्या ज्या देवांना नवस बोलले, त्यांची नावं इथे लिहीत नाही, नाहीतर सगळे वसुलीला येतील.

नळी चालत राहिली. दुपार झाली तरी चालत होती. नसीमभाईंनी सगळ्यांसाठी खिमापाव मागवला, आणि असा खिमा आमच्या भागात मिळत नाही हे मी दहिसरची असूनही कबूल करते. वर काकडीसारखी पातळ कापलेली हिरवी मिरची. मॅडमनीही दोन पाव खाल्ले. प्राजूने काही खाल्लं नाही. ती आकडे बघत होती आणि दर थोड्या वेळाने बालदीतली बाटली हलवून बघत होती. एकदा मॅडम वाकून बालदीत बघायला लागल्या.

"खाली हे काय आहे?"

"बांगडे," मी म्हटलं. "बर्फ त्यांच्याबरोबरच मिळतो."

मॅडमनी मान हलवली, जणू प्रत्येक प्रयोगशाळेत असतातच.

संध्याकाळी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"तुमच्या प्रस्तावात जाळी मोठी होती. इथे अर्धीच दिसते. का?"

प्राजू म्हणू शकली असती, सुधारणा केली. म्हणू शकली असती, जागेची अडचण. कुणाला काय कळणार होतं? ती म्हणाली, "मॅडम, काल माझ्या घरी यावर हळदकुंकू लावून पुसलं होतं. सकाळी त्यावरून ठिणगी गेली आणि काच भाजली. म्हणून तेवढा भाग सोडून दिला. आज माल निम्माच आलाय, आणि मी तो निम्माच लिहिणार आहे."

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शेडच्या छपराकडे पाहिलं, खाली गळणाऱ्या पाइपाकडे पाहिलं, तारेवरून धावणाऱ्या उंदराकडे पाहिलं.

"इथे तर रोज काहीतरी सांडणार त्यावर."

"हो."

"मग दुरुस्तीला अंधेरीहून माणूस यायला लागेल?"

"नाही. कात्री आणि तार लागेल. आज तेवढ्यावरच झालं."

"मैं सीख गया, मॅडम," नसीमभाई मागून म्हणाले. "जाळी मी बांधीन."

मॅडमनी लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "बाटलीत ॲसिड आहे कशावरून? कागद लाल होईल, पण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला तरी होतोच." प्राजूने सकाळी बाजूला ठेवलेली बाटली आणली, बालदीतली काढून पुसली, आणि दोन्ही मॅडमच्या पुढे धरल्या. कुठली कोणती ते सांगितलं नाही. मॅडमनी पहिलीचं बूच काढून हाताने वास नाकाकडे आणला. काही नाही. दुसरीचं काढलं आणि त्यांचं डोकं झटकन मागे गेलं. मला खुर्चीवरसुद्धा आला तो वास. हॉटेलात टेबलावर गुलाबी कांदे येतात ना वाटीत, तोच. तळाला चहाचा चमचाही भरला नसता एवढंसं पाणी होतं. पण ते आधी कुणाची तरी सडकी कोबी होतं, कुणाचे तरी फेकलेले टोमॅटो होतं, आणि माझ्या सुनेने त्यातून ते काढलं होतं. मला इतका अभिमान वाटला की छातीत दुखायला लागलं, आणि या वयात छातीत दुखलं की माणूस आधी घाबरतो. मी घाबरले नाही.

मॅडमनी दोन्ही बाटल्यांना सील लावलं. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तेव्हा येईल, म्हणाल्या. (तो आला. वास खोटं बोलला नव्हता.) मग बाकीच्या दोघांशी बाजूला जाऊन बोलल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "अट दिवसभर चालवून दाखवायची होती. चाललं. यंत्र उचलू नका, इथेच राहू दे. कुलूप मात्र चांगलं लावा."

प्राजूने मान हलवली, अगदी शांतपणे. त्यांची गाडी गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत ती तशीच उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मला भयंकर भूक लागलीये." नसीमभाई पाव आणायला स्वतः पळाले. पंख्याखालच्या त्याच खुर्चीवर बसून तिने खिमापाव खाल्ला, ग्रीसच्या हातांनी, आणि मी तिच्याकडे पोटभर बघत राहिले.

ती खात होती तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलुंडहून. प्राजूने नाव पाहिलं आणि तोंडात घास असतानाच हात जोडले. "आई, प्लीज. कुंकवाचं तिला सांगू नका. रात्रभर झोपायची नाही ती." तीन परक्या माणसांसमोर एका दमात खरं सांगणारी ही मुलगी.

मी फोन उचलला. वसुधाताई दिवसभर फोनजवळच बसल्या असाव्यात. "काय झालं? चाललं का?"

"चाललं," मी म्हटलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. यंत्र इथेच ठेवायला सांगितलं. तुमची मुलगी जिंकली हो, वसुधाताई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग त्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या वसुधाताई, इतक्या मोठ्याने बोलल्या की प्राजूलासुद्धा ऐकू गेलं.

"बघा! मी म्हटलं नव्हतं? कुंकू लावलं ते बरं केलं ना आपण?"

प्राजूने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलत होते. मी तिच्याकडे पाहिलं, आखूड झालेल्या त्या जाळीकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून म्हटलं,

"हो, वसुधाताई. फार बरं केलंत."